हक्काचा हीटर

महाराष्ट्रात मोटारीचा हीटर खरा लागतो तो मे महिन्यात. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जुनी गाडी, पाच माणसं आणि डिकीत आहेराची भांडी असा सरंजाम घेऊन भर दुपारी पुण्याहून साताऱ्याकडे निघावं आणि खंबाटकी घाट चढून बघावा. निम्म्या घाटात तापमानाचा काटा तांबड्या पट्टीकडे सरकू लागतो. अशा वेळी जाणता माणूस एसी बंद करतो, चारी काचा खाली घेतो आणि हीटर पूर्ण सोडतो. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत पायांवर गरम वाऱ्याचा झोत. मागून सासूबाई विचारतात, "जावईबापू, एसी बिघडला का?" त्यांना सांगणार तरी काय, की इंजिनाला ताप आलाय आणि तो आपण सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचाय?

यात चेष्टा नाही. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश ताकद कामाला येते, बाकीची नुसती उष्णता होते. त्यातली काही सायलेन्सरमधून निघून जाते, काही इंजिनाभोवती फिरणारं कूलंट घेऊन जातं. हे नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं कूलंट पुढच्या मोठ्या रेडिएटरमध्ये गार होतं. त्याचाच एक फाटा दोन रबरी पाइपांतून इंजिनामागची पत्र्याची भिंत ओलांडून डॅशबोर्डच्या पोटात येतो. तिथे एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. कंपनीच्या पुस्तकात तो हीटर कोर, गॅरेजात हीटर कॉइल. त्याच्यावरून पंख्याने हवा मारली की ती गरम होऊन आत येते. घाटात हीटर सोडला की इंजिनाला हा दुसरा रेडिएटर मिळतो आणि काटा जरा खाली बसतो. एरवी आख्ख्या गाडीत फुकट मिळणारी ही एकमेव सोय, आणि नेमकी तीच आपल्याला नको असते.

नाही म्हणायला जानेवारीत एक दिवस येतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी छापून येते. सोबत मोटारीच्या टपावरचे हिमकण बोटाने खरवडणाऱ्या पर्यटकाचा फोटो. तो बघून आपण निघतो, पोचेपर्यंत अकरा वाजतात, दव केव्हाच वितळलेलं असतं आणि स्ट्रॉबेरी क्रीम खाताना अंगातला स्वेटर काढावा लागतो. हीटरचा खटका तांबड्याकडे न्यायचा योग याही वर्षी हुकतो. बाकी वर्षभर हा हीटर गावाकडच्या वाड्यातल्या हिश्श्यासारखा असतो. वापरत कुणी नाही, पण सोडायचा प्रश्नच नाही.

थंड मुलुखात याच भागापायी माणसं हळवी होतात. सुरुवातीच्या मोटारींना हीटर नसे. लोक लोकरीची जाड पांघरुणं गुंडाळून गाडी हाकत. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ साली 'वेदर आय' नावाची सोय आणली. बाहेरची हवा आत घेऊन गरम पाण्याच्या कॉइलवरून खेळवणारी, म्हणजे आजच्या हीटरची आजीच. फोक्सवॅगनच्या बीटलने हा घोळ मुळातच टाळला होता. तिचं इंजिन हवेवर गार व्हायचं, पाणी नाही, त्यामुळे कॉइल नाही. तिच्या हीटरला ऊब मिळायची ती एक्झॉस्टच्या नळ्यांची. गळायला काही नव्हतंच. पावसाळ्यातल्या गेल्या काही आठवड्यांत मला त्या गाडीच्या मालकांचा फार हेवा वाटला.

आमच्या गाडीचं नाव सांगत नाही. या वयात तिची बदनामी नको. तर या गाडीत ब्लोअर लावला की एक गोडसर, किंचित करपट वास येऊ लागला. घरात पहिला संशय लोणावळ्याच्या चिक्कीवर गेला. कुणीतरी खाल्ली, तुकडा सीटच्या फटीत गेला, उन्हाने वितळला. मुलांची उलटतपासणी झाली. सीट उचलून व्हॅक्यूम क्लीनर फिरला. चिक्की निघालीही, पण ती दगड होऊन बसलेली आणि बिनवासाची होती. पुरावा सापडला, गुन्हेगार मात्र दुसराच.

मग पाऊस सुरू झाला आणि पुढची काच आतून धुरकट व्हायला लागली. पावसात काच धुरकट होतेच. माणसांच्या श्वासातली वाफ गार काचेवर जमते. त्यावर मी गाडीत कमी बोलावं असा नियम काढला. बायको म्हणाली, "हा नियम तुम्ही लग्नाच्या बैठकीत सांगायचा होता." नियम रद्द झाला. पण एक गोष्ट खटकत होती. श्वासाची वाफ एसी लावला की दोन मिनिटांत उडते आणि फडक्याने पुसली की काच लख्ख होते. ही वाफ पुसली की मागे तेलकट फरांटे राहत. रात्री समोरून ट्रक आला की त्याचे दोन दिवे त्या फरांट्यांत फुटून दिवाळी होई. गंमत अशी, की काच साफ करायला जितका ब्लोअर वाढवावा तितकी ती आणखी मळायची. ब्लोअरच त्या गळक्या कॉइलवरून हवा घेऊन काचेवर मारत होता.

तिसरी खूण पायाखाली सापडली. डाव्या बाजूचं कार्पेट ओलं. डाव्या बाजूला बायको बसते, त्यामुळे या खुणेची दखल तातडीने घ्यावी लागली. आरोपी छत्री ठरली. घरातल्या सगळ्या छत्र्या आठवडाभर डिकीत गेल्या, कार्पेट ओलंच. मग एसीवर संशय आला. तो योग्यच होता, कारण एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी कचऱ्याने तुंबली की ते पाणी आत, त्याच जागी सांडतं. एसीचं पाणी आणि कूलंट यांत फरक ओळखायचा तर पांढरा कागद घ्यावा आणि ओलाव्यावर दाबावा. एसीचं पाणी असेल तर कागद नुसता भिजतो. कूलंट असेल तर हिरवट किंवा गुलाबी डाग पडतो आणि बोटांना बुळबुळीत लागतं. आमच्या कागदावर डाग पडला तो धड हिरवा नाही, धड पिवळा नाही. वर्षानुवर्षं कूलंटमध्ये नळाचं पाणी ओतल्याचं ते फळ होतं. वरणात पाहुण्यांच्या संख्येनुसार पाणी वाढवणाऱ्या देशात कूलंटने वेगळी वागणूक मिळण्याची अपेक्षा धरू नये.

एवढ्यात गाडी पाणीही खायला लागली होती. रिकाम्या होणाऱ्या डब्यात रोज थोडं भरायचं, आणि गाडीखाली वाकून बघावं तर जमीन कोरडी. कार्पेटखाली जो जाड नमदा असतो तो लिटरभर कूलंट मुकाट्याने पिऊन बसतो, हे नंतर कळलं.

गाडी बिघडली की आपल्या सोसायटीत किती इंजिनिअर राहतात ते समजतं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका म्हणाले, "रेडिएटरमध्ये हळद टाका." हा उपाय खोटा नाही. ट्रकवाले आडरानात रेडिएटर गळला की तो करतात. हळदीची पूड भोकात जाऊन बसते आणि गाडी पुढच्या गावापर्यंत जाते. पण हळदीला नेमकं भोक कळत नाही. ती मिळेल त्या अरुंद वाटेत ठाण मांडते आणि हीटर कॉइलच्या नळ्या या सगळ्यांत अरुंद असतात. बाजारात लीक स्टॉपच्या बाटल्या मिळतात, त्यांचाही स्वभाव असाच. घाटातून घरी यायला उत्तम, घरी राहायला नाही. काकांना मी हे समजावून सांगितलं, तर म्हणाले, "मग थोडीच टाका. चमचाभर."

दुसरा सल्ला मिनेसोटातल्या भाच्याचा. तिकडे जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो, त्यामुळे हीटर या विषयावर त्याचं बोलणं एखाद्या कीर्तनकाराच्या तोडीचं असतं. त्याने व्हिडिओ कॉलवर मला इंजिनामागचे दोन्ही पाइप हाताने चाचपायला लावले. दोन्ही गरम असतील तर कॉइलमधून पाणी फिरतंय. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल तुंबलीय. आमचे दोन्ही गरम होते. म्हणजे आमची कॉइल तुंबलेली नव्हती, नुसती फुटकी होती. "मामा, घरीच करून टाक. शनिवार-रविवारचं काम आहे," तो म्हणाला. तिकडे मजुरी परवडत नाही म्हणून माणसं डॅशबोर्ड स्वतः उतरवतात. इकडे मी ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायलाही माणूस बोलावतो, आणि त्या माणसाला मी बोलावलं नाही तर वाईट वाटतं.

आमच्या मेकॅनिकची पद्धत वेगळी. मोठ्या वर्कशॉपात रेडिएटरच्या तोंडाला एक हातपंप लावतात, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि काटा खाली येतो का ते बघतात. अर्थात इंजिन गार असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला कूलंट स्वतःच निदान सांगतं, तेही तोंडावर. आमच्या मेकॅनिककडे हातपंप नाही. त्याने चप्पल काढून डाव्या बाजूला गुडघे टेकले, कार्पेट उचललं, नमद्यात तर्जनी बुडवली, अंगठ्यावर घासली, नाकाशी नेली. मग उठून उभा राहिला आणि पॅन्टला हात पुसत म्हणाला, "साहेब, हीटर कॉइल गेली."

"मग?"

"डॅश उतरवावा लागंल."

हे वाक्य तो ज्या सुरात म्हणाला तो सूर मी पूर्वी फक्त दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकला होता.

या भागाचं दुर्दैवच ते आहे. वस्तू डायरीएवढी, पण बसवलेली अशा ठिकाणी की तिच्यापर्यंत पोचायला अख्खा संसार हलवावा लागतो. सुटा भाग हजार-दीड हजारांचा आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट. गाडीचा नकाशा काढणाऱ्याने पहिल्यांदा ही कॉइल कागदाच्या मध्यावर ठेवली असावी आणि मग तिला कुणाचा हात लागू नये म्हणून भोवती बाकीची मोटार रचली असावी.

मेकॅनिकने दुसरा मार्गही सांगितला. "बायपास मारून टाकू. हीटर कुठं लागतो आपल्याला?" इंजिनामागचे ते दोन पाइप कॉइलपासून सोडवायचे आणि एका वाकड्या नळीने एकमेकांना जोडायचे. दोन क्लिपा, अर्ध्या तासाचं काम. कूलंट आत येतच नाही, मग गळणार काय? महाराष्ट्रात अशा किती गाड्या हिंडत असतील, देव जाणे. त्यांच्या मालकांना आपल्या गाडीला हीटर नाही हे माहीतही नसतं, आणि त्यांचं काही अडतही नाही. सल्ला शंभर टक्के शहाणपणाचा होता.

पण माझ्यातला हिस्सेदार जागा झाला. कंपनीने गाडी देताना हीटर दिला होता, त्याचे पैसे मोजले होते. खटक्यावर तांबडी खूण आहे. उद्या त्या खुणेकडे खटका नेला आणि काहीच आलं नाही तर? मी कधी नेत नाही, ही गोष्ट वेगळी. हक्क आणि वहिवाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तर कोर्टही मान्य करतं. वर मी घाट, पाऊस, धुरकट काच अशी तांत्रिक कारणंही जोडली. ती खोटी नव्हती. एसीने कोरडी केलेली हवा हीटरवरून काचेवर सोडली तर काच सगळ्यांत लवकर साफ होते. पण खरं कारण ती नव्हती, आणि मेकॅनिकने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून त्यालाही ते कळलं होतं.

कॉइल आणायला नाना पेठेत गेलो. पहिल्या दुकानदाराने "हीटर कॉइल?" असं दोनदा विचारलं आणि आत कुणाला तरी सांगितलं, "अरे, बघ, हीटर कॉइल मागतायत." दुसरा म्हणाला, "बायपास का नाही मारत?" तिसऱ्याने पोऱ्याला पोटमाळ्यावर चढवलं. वरून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला आणि मग एक खोका खाली आला, त्याच्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. "तुमच्याच नशिबात होती," दुकानदार म्हणाला. माल नवाकोरा होता, पण वयाने आमच्या गाडीला शोभेसा. पाइपांची तोंडं नीट तपासून बघितली. डाव्या-उजव्या तोंडाच्या आणि जाडी वेगळी असलेल्या कॉइली सारख्याच खोक्यांत येतात, आणि बसवताना कळलं तर डॅश उघडा टाकून पुन्हा नाना पेठ.

कामाला सुरुवात करताना बॅटरीची वायर काढायची, मग कूलंट सोडायचं, मग डॅशला हात. आमच्याकडे त्याच्याही आधी एक पायरी निघाली. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती. मेकॅनिक म्हणाला, "बाप्पा तुम्ही काढा साहेब, मी हात नाही लावणार." दुहेरी टेप इतक्या वर्षांत प्लास्टिकशी एकजीव झाली होती. देवाखाली ब्लेड घालायचं कसं? बायकोने आधी नमस्कार केला, मग दोऱ्याने कापत कापत मूर्ती सोडवली, आणि अक्षता नव्हत्या म्हणून पाकिटातली चिल्लर वाहिली. काम होईपर्यंत बाप्पा गॅरेजातल्या बॅटरी चार्जरवर बसले. खाली तांबडा दिवा लुकलुकत होता, आणि रिक्षा सोडायला आलेला एक चालक जाताना पाया पडून गेला.

डॅश सुटायला दीड दिवस लागला. मेकॅनिकने प्रत्येक ठिकाणचे स्क्रू रिकाम्या बिस्किटपुड्यांच्या प्लास्टिकच्या कप्प्यांत ठेवले होते आणि पोऱ्याला सक्त ताकीद होती की एकही कप्पा हलला तर जेवण नाही. प्लास्टिकच्या मागून जे निघालं ते आमच्या कुटुंबाचं दप्तर होतं. टोलच्या पावत्या, पीयूसीचं फाटकं सर्टिफिकेट, ज्या कॅसेटवरून एके काळी भांडण झालं होतं तिचं नुसतं कव्हर. स्टिअरिंगची दांडी खाली उतरवलेली, रेडिओच्या जागी वायरींचा गुंता. आमच्या गाडीत एसीची कॉइल वेगळ्या डब्यात होती म्हणून गॅस सोडावा लागला नाही. ज्यांच्या गाडीत दोन्ही एकाच डब्यात असतात त्यांच्या बिलात आणखी एक ओळ वाढते.

रबरी पाइप कॉइलच्या तोंडाला चिकटून बसले होते. पोऱ्या पक्कड लावून पिळायला गेला, तर मेकॅनिकने त्याचा हात धरला आणि ब्लेडने पाइप उभा चिरला. "पाइप शंभराचा. पिळला तर भितीवरची नळी वाकती," एवढंच बोलला. मग काळ्या डब्याच्या कुशीतून कॉइल सरकवून काढली. शिवणीजवळ हिरवट-पांढरी बुरशी धरल्यागत क्षार साचलेले. एका तोंडात बूच मारलं, दुसऱ्यात हवा सोडली आणि कॉइल पाण्याच्या घमेल्यात बुडवली. एकाच जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून. चिक्की, छत्र्या, गाडीत कमी बोलायचा नियम, सगळं त्या भोकापायी.

जुन्या पितळी कॉइलीला रेडिएटरवाले डाग मारून द्यायचे. ही ॲल्युमिनियमची, प्लास्टिकची टोपी घातलेली. हिला डाग लागत नाही. बिघाडाचं कारण मेकॅनिकने घमेल्यातच दाखवलं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार नळ्यांत साठतात. कूलंटमधली गंज थोपवणारी द्रव्यं दोन-तीन वर्षांत संपतात, ती संपली की धातू आतून खायला लागतो. हीटर वापरला काय आणि न वापरला काय. साचलेलं पाणी उलट जास्तच खातं.

काढलेलं कूलंट मात्र त्याने लगेच झाकणाच्या डब्यात ओतलं. गॅरेजचं कुत्रं जवळच शेपूट हलवत होतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि जनावर ते आवडीने चाटतं. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. उघड्यावर पसरट भांड्यात ते ठेवू नये आणि गटारात तर ओतूच नये.

बसवणं उतरवण्यापेक्षा लवकर झालं. कॉइलच्या कडेची फोमची पट्टी नवी लावली, नाहीतर हवा कॉइलला वळसा घालून निघून जाते. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाची बादली घेऊन आलेल्या पोऱ्याला परत पाठवलं. मग पाइपांत अडकलेली हवा काढायची. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करायचं, हीटरचा खटका पूर्ण तांबड्याकडे न्यायचा आणि रबरी पाइप हाताने दाबत बसायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. बाप्पा नव्या टेपवर पूर्ववत विराजमान झाले.

शेवटची परीक्षा राहिली होती. कॉइल खरंच गरम होते का, आणि काच धुरकट होते का. त्यासाठी काचा बंद हव्यात. जुलैची दमट दुपार, बाहेर पाऊस, आत मी आणि मेकॅनिक, ब्लोअर चारवर आणि हीटर पूर्ण. पाच मिनिटांत आम्ही दोघंही न्हालो. काच मात्र स्वच्छ. बायको डबा घेऊन आली, तिने बाहेरून आमच्याकडे बघितलं, काचेवर टकटक करून काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता छपराखाली जाऊन बसली.

मेकॅनिकने तळहात झोतासमोर धरला, चटका बसला तसा मागे घेतला आणि समाधानाने मान डोलावली. मग खटका निळ्याकडे सारून म्हणाला, "काम एक नंबर झालंय साहेब. आता बंदच ठेवा. उगाच वापरला की खराब होतो."